पहिल्या पाळीची गर्दी

शहरातल्या सगळ्या रुग्णालयांची नवी सिस्टीम सोमवारी एकदमच सुरू होणार होती. तिला किती सर्व्हर लागतील, हे ठरवणारी इंजिनिअर आणि तिचे साहेब यांचं काही जमेना.

"एवढे कशाला? दिवसभराची सरासरी बघा की," साहेब म्हणाले.

"सर, नर्सेस सरासरीने येत नाहीत. पाळी बदलली की सगळ्या एकदम लॉगिन करतात. तेव्हा सिस्टीम बंद पडली, तर कुठल्या पेशंटला कुठलं औषध द्यायचं तेच दिसणार नाही."

"आणि तुमचे जादा सर्व्हर नुसतेच पडून राहिले तर?"

"तर मला घरी बसवा."

साहेबांनी हात टेकले आणि सही केली. पण धास्ती काही जाईना, म्हणून तक्रारी घ्यायला शेजारच्या खोलीत फोनवर भरपूर माणसं बसवून ठेवली.

सोमवारी सकाळी पाळी बदलली. इंजिनिअरच्या स्क्रीनवरची लॉगिनची रेघ सरळ वर चढत गेली. एकेक राखीव सर्व्हर कामाला लागला, शेवटचासुद्धा. मर्यादेच्या जराशी खाली रेघ थांबली आणि तिथेच टिकून राहिली.

शेजारच्या खोलीत मात्र चिडीचूप. साहेबांचा चेहरा उतरला. एकही तक्रार नाही, म्हणजे कुणी सिस्टीम सुरूच केली नसणार, असं वाटून त्यांनी स्वतःच सगळ्यात मोठ्या रुग्णालयात फोन लावला.

"सिस्टर, नवी सिस्टीम कधी सुरू करताय?"

"अहो, केव्हाचीच सुरू आहे! पेशंटना औषधं देतेय मी. ठेवू का फोन?"