टिकलीचं मशीन

“नदीपाशी गेम अडकतोय,” मी इरफानवर खेकसले. “आज मुलांसमोर तरी नीट चालायला हवा होता.”

कर्णबधिर शाळेच्या त्या वर्गात सगळ्या टॅबवर एकच दृश्य होतं. आमची नायिका टिकली नदीकाठी उभी होती आणि एकही मूल तिला पाण्यात उतरवत नव्हतं. टिकलीच्या कानामागचं निळं मशीन मीच रेखाटलं होतं, अगदी बारीक नळीसकट. या मुलांना पहिल्यांदाच स्वतःसारखी नायिका मिळतेय, असं मी सकाळपासून दिसेल त्याला ऐकवत होते.

इरफाननं टॅब तपासले. “गेम चालू आहे, मॅडम. मुलंच उडीचं बटण दाबत नाहीयेत.”

पहिल्या बाकावरच्या समिधानं बाईंना भराभर खुणा केल्या.

“ती विचारतेय,” बाई म्हणाल्या, “पाण्यात जायच्या आधी टिकलीचं मशीन काढायचं कुठून? भिजलं तर तिची आई रागावेल.”

इतके महिने मशीन रंगवत बसले, पण ते कधी उतरवतात हे एकाही मुलाला विचारलं नव्हतं.

“गेममध्ये नाही भिजत,” मी कसंबसं म्हणाले. “मार म्हणावं उडी.”

बाईंनी तिला खुणांनी सांगितलं. समिधा माझ्याकडे बघत राहिली. तिला ते पटलेलं नव्हतं. तिनं स्वतःच्या कानामागचं मशीन उतरवलं, डबीत ठेवलं, डबी बाईंच्या हातात दिली आणि मगच उडीचं बटण दाबलं.

तिच्यामागे वर्गभर डब्या उघडू लागल्या.