दोघांची दिवाळी

दिवाळी आठवड्यावर आली, तरी पिंपळगाव राजातल्या कडूबाच्या घरात ना फराळाचे डबे भरले, ना जास्तीच्या गाद्या उन्हात पडल्या. पुण्याचा मुलगा गोपाल अन् नाशिकची लेक वंदना यंदा येणार नाहीत, एवढंच विमलबाईनं नवऱ्याला सांगितलं होतं. "मायबापाले इसरले वो पोट्टे!" म्हणून शेजारीण हळहळून गेली. विमलबाईनं डोळ्याला पदर लावला. कडूबाला तर आठवडाभर घास गोड लागेना.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिनं पुरणपोळी अन् तर्रीदार वांग्याची भाजी वाढली, नि कित्येक वर्षांनी आपलंही ताट घेऊन त्याच्याशेजारी बसली.

"पोरं काऊन नाही आले?" कडूबानं अखेर विचारलंच.

"म्याच येऊ देलं नाही. गेल्या साली सुनेले भाजी तिखट लागली, जावयाले डास चावले, नातवाइले नेट भेटलं नाही. अन् मी चार दिवस चुलीपुढून उठली नाही. म्हणून यंदा गोपालले सांगतलं, आमी वंदनाकडं चाललो. वंदनाले सांगतलं, गोपालकडं."

कडूबा पोट धरून हसला. आठवड्याचा सारा घोर एका दमात उतरला. त्यानं आणखी एक पोळी मागून घेतली.

"लय बिलंदर हायेस तू! अन् पोराइले तुह्यं खोटं समजलं नाही?"

विमलबाई पोळीवर तूप सोडत राहिली.

"समजलं असतं ना. त्याईनं एकमेकाले एक फोन जरी केला असता, तर."