मोडता न येणारं खातं

"मधेच मोडता येनार न्हाई असं खातं हाय का?" साळूबाईनं विचारलं.

पिरंगुटच्या बँकेतल्या साधना मॅडमनी कॉम्प्युटरवरून नजर काढली. ठेवीसाठी येणारी माणसं आधी व्याज विचारत. ही बाई भलतंच विचारत होती.

"पैसे कशासाठी साठवताय, आजी?"

उत्तर शेजारी बसलेल्या दिशानं दिलं. "घराच्या बुकिंगसाठी. पहिलंच घर आहे. दीड-दोन वर्षांत लागतील."

दिशा म्हणजे साळूबाईची नात, हिंजवडीत नोकरीला. तिचे आजोबा हैबतराव मागच्या खुर्चीत, गाडीची किल्ली मुठीत धरून बसले होते. त्यांना खरं तर कुणी बोलावलं नव्हतं. "तुमी कशाला?" साळूबाई सकाळी म्हणाली होती. तरी त्यांनी भरे गावाहून दोघींना गाडीत घालून आणलं. नात पंचविशीच्या आत घर घेते, आजी तिला पैसे पुरवते, अशा दिवशी घरी बसवेना.

"साधं बचत खातं तर उघडूच," मॅडम म्हणाल्या. "पण त्यात पैसा ठेवला की हात जातोच. आत्ता आहेत ते मुदत ठेवीत टाका. दर महिन्याला जमतील ते आवर्ती खात्यात. दोन्ही मोडता येतात, पण व्याज कमी मिळतं."

"मोडायला सही कुनाची लागती?"

"खातं ज्याच्या नावावर, त्याची."

"घरातलं दुसरं कुनी कागद घिऊन आलं तर?"

"नाही चालणार."

"आनि जिचं खातं, तिलाच संगं घिऊन आलं तर?"

"तिनं सही केली तर द्यावेच लागतील, आजी."

हैबतराव खाली फरशीकडे बघत राहिले.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी साळूबाईला असंच मोटरसायकलवर मागं बसवून पौडच्या पतसंस्थेत नेलं होतं. दुधाच्या पैशातून तिनं ठेव केली होती. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. "कर सही," ते म्हणाले, आणि तिनं केली. एक्केचाळीस मतांनी ते पडले. पुढं रस्त्याकडेची जमीन गोडाऊनवाल्याला विकली. त्या पैशातून घेतलेली एक गाडी तेवढी उरली, बाकीचा पैसा भागीदारीतल्या हॉटेलात बुडाला. साळूबाई एका शब्दानं बोलली नाही. तिनं कंपन्यांतल्या कामगारांचे डबे सुरू केले. पहाटे चारला उठून साठ-साठ भाकरी. आठ वर्षं.

तेही बोलले नव्हते. आधी मानापायी, मग सवयीनं. चूक झाली, एवढे दोन शब्द. पण दिवस जातील तसे ते जड होत गेले. आज मात्र त्यांनी ठरवलं होतं. परतताना कासार आंबोलीच्या फाट्यावर चहाला थांबायचं आणि नातीसमोरच बोलून टाकायचं.

मॅडमनी फॉर्म दिशासमोर ठेवला. दिशानं तो आजीकडे सरकवला.

"पैसे आजीचे आहेत. खातं तिच्याच नावावर."

हे हैबतरावांना पटलं. कष्ट जिचे, तिचंच नाव हवं.

"जोडीला माजं नाव घालायचं का?" त्यांनी हळूच विचारलं. "तुला सारखं यायला नगं."

"नगं," साळूबाई म्हणाली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

त्यांनी मान डोलावली. आपणच हे ओढवून घेतलंय, त्यांना वाटलं.

"वारस कोण लावायचा?"

"दिशा."

साळूबाई सही करायला वाकली. एकेक अक्षर ती जपून काढत होती. हैबतरावांना गप्प बसवेना. उठून ते दिशाजवळ आले.

"फ्लॅट केवढा बघितलाय?"

दिशानं मोबाईलवर फोटो दाखवला. नांदे गावातली नवी इमारत, तिसरा मजला. एक खोली, स्वयंपाकघर, कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी.

"एकच खोली?"

"तेवढंच बजेट आहे, आबा."

"उद्या लगीन व्हईल, लेकरं व्हत्याल. चार मानसं आली तर बसायची कुटं? दोन खोल्यांचं बघा." त्यांनी मुठीतली किल्ली टेबलावर ठेवली. "ही गाडी इकतो मी. येत्याल तेवढं पैसं त्यात घाला. माज्याकडनं एवढं तरी व्हऊ दे."

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. फाट्यावर जे सांगायचं होतं, त्यातलं निम्मं इथंच सांगून झालं होतं.

दिशानं आजीकडे पाहिलं.

साळूबाईनं सही पुरी केली, पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म मॅडमच्या हातात दिला. मग ती पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळली.

"एक खोली लई झाली," ती म्हणाली. "तितं मी एकलीच ऱ्हानार हाय."