नावावर पक्कं घर नसावं

“नवरा कुठं राहतो?” मच्छिंद्रनं विचारलं.

“माहीत न्हाई,” कौसल्या म्हणाली.

“लई जल्दी बोललीस. थोडं थांब. नजर खाली. मंग बोल.”

ती थांबली. नजर खालीच होती.

“माहीत न्हाई.”

“बराबर.” तो बाजेवर टेकला. जालन्यातली ती पत्र्याची खोली दुपारभर तापायची, आणि रोलिंग मिलच्या भट्टीपुढं आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला ते जास्तच कळायचं. समोर बसलेली बाई त्याची बारा वर्षांची बायको होती. काही महिन्यांनी ती कागदावर त्याची कुणी नसणार होती.

फाइल तीनदा परत आली होती. तिन्ही वेळा कारण एकच. सरकारी व्याजसवलतीचं घरकर्ज हवं असेल तर कुटुंबात कुणाच्याही नावावर, देशात कुठंही, पक्कं घर नसावं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं.

मच्छिंद्रच्या नावावर घर होतं. आठ वर्षांपूर्वी कुंभार पिंपळगावात घरकुलाच्या यादीत नाव त्याचं लागलं आणि राहायला थोरला भाऊ अप्पाराव गेला. भावाभावांत असं चालतं. आता अप्पाराव घर सोडत नव्हता आणि सरकार मच्छिंद्रला.

वाट दाखवली ती कर्जाच्या फायली करून देणाऱ्या हरिओमनं.

“वहिनींचा पगार बियाण्याच्या कंपनीतून सरळ बँकेत येतो. त्यांना कर्ज बसतं. अडचण तुमची हाय भाऊ. तुम्ही कुटुंबातून निघा.”

“फारकतीचा स्टँपपेपर करू का?”

“तो चालत न्हाई. कोर्टाचा हुकूम लागतो. दोघांच्या सहमतीनं घ्या. घर झालं की राहा एकत्र. फक्त जपून. सवलत पाच वर्षं हप्त्याहप्त्यानं येते, तोवर कवाबी चौकशी लागू शकते.”

कौसल्यानं दोनच गोष्टी मागितल्या. कोर्टाचं काम पक्कं व्हावं. आणि पायल तिच्याकडं राहील असं त्यात लिहावं.

“लिहू की,” मच्छिंद्र म्हणाला. “कागदावरच तर हाय.”

मग रोज मिलवरून आला की तो सराव घ्यायचा.

प्रश्न : का वेगळं व्हायचंय?
उत्तर : पटत न्हाई.

“एवढ्यानं भागत न्हाई. कोर्टातल्या समुपदेशक बाई खोदून खोदून विचारतात. मारतो म्हण.”

“किती वेळा म्हणू?”

तो हसला. “दोन-चारदा. जास्ती नको, मलाच आत टाकतील.”

प्रश्न : शेवटचं कवा मारलं?
उत्तर : नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. तव्यावर भाकर होती.

मच्छिंद्रनं मान डोलावली. “बिलकुल झकास. असं नेमकं बोललं की खरं वाटतं. बिया निवडण्यात वाया गेलीस तू.”

कोपऱ्यात सात वर्षांची पायल बादलीमागं सरकली. आवाज चढला की ती तिथं जाऊन बसायची, आणि मिलच्या सवयीनं मच्छिंद्रचा आवाज कायम चढाच असायचा. कौसल्या पाणी आणायला उठली. डाव्या हातातल्या बांगड्या वाजल्या. उजव्या हातात ती घालत नसे. मोरीत पडल्यापासून ते मनगट वाकडंच बसलं होतं.

कोर्टात समुपदेशक बाईंनी तिला एकटीला आत घेतलं. अर्धा तास झाला तरी ती बाहेर येईना. मच्छिंद्र व्हरांड्यात येरझारा घालत राहिला.

“एवढं काय सांगत होतीस?” बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

“तुम्ही शिकवलं तेच.”

हुकूम झाला. तिच्या एकटीच्या नावानं फाइल गेली आणि चौथ्या वेळेला परत आली नाही. सुरुवातीच्या भरण्यात मच्छिंद्रनं होती नव्हती ती शिल्लक घातली. मंठा रस्त्याला दोन खोल्या मिळाल्या. चौकशीचा माणूस येऊन जाईपर्यंत तो पत्र्याच्या खोलीत एकटाच राहिला. मग एका रविवारी सकाळी त्यानं ती खोली मालकाला परत दिली आणि ट्रंक, वळकटी घेऊन रिक्षात बसला.

लोखंडी जाळीचं दार बंद होतं. आत कौसल्या उभी होती. तिच्यामागं पायल.

तो घाम पुसत हसला. “नवरा कुठं राहतो?”

ती थांबली. या वेळी नजर वर होती.

“माहीत न्हाई.”

“बास झाला सराव. उघड.”

“माणूस येऊन गेला. पाच वर्षं कवाबी पुन्हा येऊ शकतो.”

“मंग पाच वर्षं मी कुठं जाऊ?”

“तुमच्या नावावर पक्कं घर हाय.”

“त्यात अप्पाराव हाय. तुला माहीत हाय ते.”

वरच्या मजल्याच्या कठड्याशी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. मच्छिंद्रनं ट्रंक खाली ठेवली आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, समजूत घातल्यासारखं विचारलं, “अगं, ते सगळं कोर्टापुरतं होतं. मी तुला खरंच कवा मारलं?”

पायल कौसल्याच्या मागून पुढं आली.

“नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, पप्पा,” ती म्हणाली. “मंग दवाखान्यात तुम्ही मला शिकवलं, मम्मी मोरीत पडली म्हण.”