तू नव्हे, तुम्ही

"दारिम आज शेजारच्या खोलीत बसेल," शिकवणीच्या संचालिका शिमबाई म्हणाल्या. "पालक वर्ग बघायला येणार आहेत."

एलेनने बाक सरळ करणं थांबवलं नाही. दारिम पहिल्याच बाकावर बसेल, असं तिने सांगितलं.

दारिमची आई व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली. कोरियातल्या या गुर्योंगपो बंदरावर अशा सुना बऱ्याच होत्या. त्यांच्या मुलांशेजारी आपलं मूल बसवायला मात्र कुणी राजी नसे.

शिमबाईंनी आवाज मऊ केला. पालक खूश झाले तरच इंग्रजी शिकवायला अमेरिकेहून आलेल्या या बाईंची, एलेनची, नोकरी पुढे चालणार होती. त्यातही वजन वर्गातल्या उनबीच्या आईचं. ती उठली तर निम्मा वर्ग उठेल. तेव्हा एलेनने हसावं, वाकून नमस्कार करावा, कोरियन फार बोलू नये.

"आणि एक सांभाळा. पालकांना 'तू' म्हणू नका. मागच्या गोऱ्या मास्तरांनी एका आजोबांना 'तू जेवलास का' विचारलं होतं."

एलेन हसली आणि तिने खिडकी उघडली. खाली दोऱ्यांवर मासे वाळत होते. मागचे मास्तर त्या वासाने नाक धरायचे. हिला तो चालायचा.

पालक आले, चपला दाराशी काढून मागच्या रांगेत बसले. उनबीच्या आईकडे एलेनने जरा जास्तच वेळ पाहिलं. शिमबाईंना वाटलं, बाई घाबरल्या.

धडा रंगला. पहिला हात दारिमचा वर झाला आणि उत्तरही बरोबर आलं. तशी उनबीची आई मोठ्यानेच बोलली. परदेशी बाईला कुठे कळतंय?

"बाई गोड आहे हो. पण त्या काळ्या पोरीशेजारी आमची उनबी नको. उठवा तिला."

शिमबाई लगबगीने पुढे झाल्या. दारिमने कुणी सांगायच्या आधीच पेन्सिली गोळा केल्या. तिला सवय होती.

एलेनने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग मागच्या रांगेपाशी गेली आणि कोरियनमध्ये म्हणाली, "ती उठणार नाही. तुला नको असेल तर तू ऊठ."

 शिमबाई कमरेत वाकल्या. परकं माणूस आहे, त्यांना 'तू' आणि 'तुम्ही'तलं अंतर समजत नाही, शब्द चुकला, असं त्या पुन्हा पुन्हा सांगू लागल्या. उनबीच्या आईचा चेहरा सैल झाला.

"असू द्या. परदेशी आहे, चालायचंच."

"शब्द चुकला नाही," एलेन म्हणाली. आता तिची बोली थेट खालच्या मासळी बाजारातली होती. "वर्गमैत्रिणीला तूच म्हणतात, ओक्जू. तिसरीत मला असंच उठवलं होतंस, गोऱ्या अमेरिकन सैनिकाची पोर म्हणून. तेव्हा मी उठले होते."