पाकिटावरचा नंबर

"बोट पुढं करा, ताई," रक्त तपासायला आलेली नवी नर्स म्हणाली. शिबिर आमच्या सूनबाईंनीच भरवलेलं, पण त्यांचं बोट सगळ्यांत शेवटी. तेही मी दंडाला धरून बसवलं म्हणून.

सूनबाई नाचणीचे लाडू विकतात. तालुक्यातल्या बायकांच्या अंगात रक्त भरायचं, हे त्यांचं 'मिशन'. मला अडाणीला लाडू म्हणजे लाडूच वाटायचा. मिशनपायी त्यांना जेवायला सवड नसे. कंपनी जोरात चालायची, मालकीणबाई भिंत धरून चालायच्या.

नर्सनं आकडा दोनदा बघितला. "आज तपासलेल्या सगळ्यांत तुमचंच रक्त कमी आहे, ताई." मग टेबलावरचं पाकीट त्यांच्याच हातात ठेवलं. "हे लाडू खात जा. चांगले असतात."

आमच्या पोरीचा चेहरा पडला. मी पाकीट फोडलं आणि लाडू तिच्या तोंडात कोंबला.

"गूळ जास्त झालाय का हो, आत्याबाई?" तिनं चावता चावता विचारलं.

"पाकिटावर तुझाच नंबर आहे, कर तक्रार," मी म्हटलं आणि तिचा फोन माझ्या कनवटीला खोचला. "फोन वाजला तर मी सांगते, मालकीणबाई जेवायला बसल्यात."