चौकटीवरच्या रेघा

राजाजीनगरच्या बागेतलं जुनं पाळणाघर पाडायचं की तिथे बालवाडी भरवायची, हे इंजिनियर रत्नाकरांना आज ठरवायचं होतं.

"पाडा की अण्णा," रखवालदार पिराजी म्हणाला, "चौकट तेवढी मला द्या. चुलीला होईल."

दर संक्रांतीला रत्नाकर त्याच चौकटीला लेकीला, नयनाला, उभं करून कोळशाने तिची उंची टिपत. सातव्या वर्षी ती तापाने गेली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

चौकटीवर सात रेघा हव्या होत्या. आज दहा होत्या.

त्यांनी शांतपणे कागदावर 'पाडू नये' लिहिलं आणि मान वर केली.

नेमकी त्यांच्या डोक्याइतक्या उंचीवर अकरावी रेघ होती. तिच्यापुढे नयनाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा'.